गरोदरपणात कोविड झाला असेल तर बाळाच्या अँटीबॉडीचं काय करायचं, काय नाही करायचं

माझी धाकटी नणंद बाळंतपणासाठी आमच्याकडे परळला आलीय, सातवा महिना लागलाय. इकडे यायच्या महिनाभर आधी तिला ताप आला, घसा धरला, टेस्ट केली तर कोविड पॉझिटिव्ह. चार दिवसांत बरी झाली, पण डोक्यातून काही जाईना. परवा रात्री साडेअकराला गॅलरीत येऊन मला विचारते, "वहिनी, मला होऊन गेलाय म्हणजे बाळाला आपोआप अँटीबॉडी मिळणार ना, मग चांगलंच झालं ना?" आणि पाच मिनिटं गप्प राहून, "की बाळालाच काही झालं असेल?" हे दोन्ही प्रश्न मी स्वतः २०२२ मध्ये रात्र रात्र जागून स्वतःला विचारलेत, म्हणून तिला जे सांगितलं ते सगळं इथे लिहितेय, ज्यांच्या घरात आत्ता कोणी गरोदर आहे त्यांच्या उपयोगी पडेल.

पहिलं काम एकदम साधं, तारीख लिहून ठेवा. ताप किंवा लक्षणं कुठल्या दिवशी सुरू झाली, टेस्ट कुठल्या दिवशी पॉझिटिव्ह आली, तेव्हा कितवा आठवडा होता. मोबाईलमधल्या फोटोत नको, तो हजार फोटोंत हरवतो आणि लेबर रूममध्ये मोबाईल तुमच्याजवळ नसतो. सोनोग्राफीचे रिपोर्ट ज्या फाईलमध्ये आहेत त्या फाईलच्या कव्हरवर आतल्या बाजूने मार्करने लिहा, आणि माता बाल संरक्षण कार्ड असेल तर त्यावरही लिहायला सांगा. कोविडच्या लशीचे डोस घेतले असतील तर त्यांच्या तारखा आणि कुठली लस तेही त्याच्याच खाली. माझी तारीख मला तोंडपाठ आहे, ७ जानेवारी २०२२, त्या दिवशी मुंबईत एका दिवसात २०,९७१ केसेस नोंदल्या गेल्या आणि त्यातली एक मी होते, अठ्ठाविसावा आठवडा चालू होता.

आता तारखेवर एवढा जोर का, तर बाळाला किती अँटीबॉडी मिळणार हे बरंचसं त्या तारखेवर ठरतं. आपल्या रक्तात वेगवेगळ्या जातीच्या अँटीबॉडी असतात, त्यातली फक्त आयजीजी नावाची वारेतून (प्लॅसेंटातून) पलीकडे बाळाकडे जाते, कारण वारेत तिला उचलून नेणारा एक खास रिसेप्टर असतो, आयजीजी त्याला चिकटते आणि तो तिला बाळाच्या बाजूला सोडतो. आयजीएम नावाची दुसरी असते ती आकाराने मोठी, ती जात नाही. ही ने-आण चौथ्या महिन्याच्या सुमारास अगदी हळू सुरू होते, अठ्ठावीस ते बत्तीस आठवड्यांपर्यंत बाळाकडे आईच्या साधारण निम्मी पातळी झालेली असते, आणि खरी भरती शेवटच्या काही आठवड्यांत. म्हणून बाळ लवकर जन्मलं तर त्याची शिदोरी अर्धवट बांधलेली असते, हे लक्षात ठेवा, लवकर जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत पुढचं सगळं जास्तच जपून करायचं.

दुसरी गोष्ट, आईच्या अंगातच आयजीजी तयार व्हायला इन्फेक्शननंतर साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे डिलिव्हरीच्या चार दिवस आधी कोविड झाला तर बाळाकडे त्या विषाणूविरुद्ध जवळजवळ काहीच पोचत नाही, उलट आई तेव्हा स्वतः विषाणू पसरवत असते. आणि तीन महिने आधी झाला असेल तर तयार व्हायलाही वेळ मिळतो आणि पोचायलाही. अमेरिकेत फिलाडेल्फियात यावर एक मोठा अभ्यास झाला, जानेवारी २०२१ मध्ये छापून आला, १,४७१ आई-बाळांच्या जोड्या तपासल्या, त्यात ८३ आयांच्या रक्तात अँटीबॉडी होत्या आणि त्यांच्यापैकी ७२ बाळांच्या नाळेच्या रक्तात आयजीजी सापडली. इन्फेक्शन आणि डिलिव्हरी यातलं अंतर जितकं जास्त तितकं बाळाकडे गेलेलं प्रमाण जास्त. आणि ज्या ११ बाळांना मिळाली नाही त्यांच्या आयांकडे एक तर नुसती आयजीएम होती किंवा आयजीजी खूपच कमी होती. लक्षणं किती जोरात होती याने मोठा फरक दिसला नाही, लक्षणं न आलेल्या आयांच्या बाळांनाही मिळाली. एकाही बाळाच्या नाळेच्या रक्तात आयजीएम सापडली नाही, आणि आयजीएम आईकडून येत नसल्यामुळे ती सापडली असती तर पोटातच इन्फेक्शन झाल्याची शंका आली असती. नणंदेच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं यातच आहे, पोटातल्या बाळाला लागण होऊ शकते पण फार थोड्यांना होते.

तिच्या पहिल्या प्रश्नावर मात्र मी तिला जरा रागावले. "चांगलंच झालं" हे वाक्य मनातूनसुद्धा काढून टाक म्हटलं. बाळाला अँटीबॉडी मिळावी म्हणून कोविड होऊ द्यायचा, मास्क लावायचा नाही, हा विचार कोणीच करू नका. आपल्याच परळच्या आयसीएमआरच्या संस्थेने आणि नायर हॉस्पिटलने मिळून कोविड झालेल्या गरोदर बायकांची प्रेगकोविड नावाची नोंदणी चालवली, त्यातल्या १,५३० बायकांच्या माहितीत पहिल्या लाटेत १४.२ टक्के बायकांना लक्षणं होती तर दुसऱ्या लाटेत २८.७ टक्के, आणि त्यात काही आया गेल्या. नायरमध्ये त्या काळात कोविड पॉझिटिव्ह आयांची हजारावर बाळंतपणं झाली, तिथल्या नर्स आणि डॉक्टरांनी काय पाहिलं असेल ते त्यांनाच माहीत. होऊन गेला असेल तर जे मिळालं त्याचा नीट उपयोग करायचा, एवढंच आपल्या हातात आहे.

आता हिशोब करायला शिका, कागद-पेन घ्या. आईकडून मिळालेली आयजीजी बाळ स्वतः नवीन बनवत नाही, ती फक्त संपत जाते. दर तीन आठवड्यांनी, कधी थोडे जास्त दिवस लागतात, ती निम्मी होते. जन्माच्या दिवशी १०० धरा, तीन आठवड्यांनी ५०, सहा आठवड्यांनी २५, नऊला साडेबारा, तीन महिन्यांनी सहाच्या आसपास. हे ढोबळ आहे, पण कॅलेंडरवर लिहून बघितलं की डोळे उघडतात, कारण आपल्याकडे "सहा महिने आईचं कवच असतं" असं सरसकट बोललं जातं. बोस्टनमधल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या बाळांचं रक्त तपासलं तर लस घेतलेल्या आयांच्या २८ पैकी १६ बाळांत अँटीबॉडी अजून सापडत होत्या, आणि गरोदरपणात नुसतं इन्फेक्शन झालेल्या आयांच्या १२ पैकी फक्त एका बाळात. अभ्यास छोटा आहे, पण फरक बघा केवढा. आणि भारतातच काय, सहा महिन्यांखालच्या बाळाला कोविडची लस कुठेच देत नाहीत, त्याच्याकडे जे काय येतं ते आईकडूनच.

म्हणून लशीचा विषय गायनॅककडे स्वतःहून काढा. आपल्याकडे गरोदर बायकांना कोविडची लस द्यायला २ जुलै २०२१ ला परवानगी मिळाली, त्याआधीचे महिने गरोदर बायका नुसती वाट बघत होत्या. मी गरोदरपणातच कोविशील्डचे दोन्ही डोस घेतले, सासूबाई सुरुवातीला नको म्हणत होत्या, मग त्याच मला घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. गरोदरपणात घेतलेल्या दोन डोसमुळे सहा महिन्यांखालच्या बाळांना कोविडमुळे ॲडमिट व्हायची वेळ कमी येते, हे अमेरिकेत फायझर-मॉडर्नाच्या लशींवर बघितलं गेलं, तिथे हा परिणाम ६१ टक्के निघाला. आत्ता तुमच्यासाठी डोस आहे का, घ्यायचा का, कुठल्या महिन्यात, हे तुमचा डॉक्टरच सांगेल. त्याच भेटीत फ्लूच्या लशीचं आणि डांग्या खोकल्याच्या लशीचंही विचारा, आणि टीडीची म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची इंजेक्शनं तर चुकवूच नका. या सगळ्यांनी आईच्या अंगात बनलेल्या अँटीबॉडी याच वारेच्या रस्त्याने बाळाकडे जातात, धनुर्वातापासून नवजात बाळं वाचतात ती याच पद्धतीने.

आता टेस्टचं. इथे माझे पैसे गेले आणि माझ्या लेकीला फुकट सुई टोचली गेली, म्हणून जरा सविस्तर सांगते. ती दीड महिन्याची असताना एका लॅबच्या माणसाने फोनवर सांगितलं की मॅडम बाळाची अँटीबॉडी टेस्ट करून घ्या, म्हणजे कळेल बाळ सेफ आहे का. मी घाबरलेली, लगेच हो म्हटलं. एवढ्याशा हाताची शीर सापडेना, दोनदा टोचलं, ती निळी पडेस्तोवर रडली, मी तिला छातीशी धरून खुर्चीत बसून स्वतः रडत होते. रिपोर्टवर एक आकडा आला आणि पुढे पॉझिटिव्ह. बालरोगतज्ज्ञांना दाखवला तर त्यांनी शांतपणे विचारलं, या आकड्यावरून तू उद्या वेगळं काय करणार आहेस? माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुठल्या आकड्याच्या वर बाळ सुरक्षित हे ठरलेलं नाही, अमेरिकेच्या एफडीएने म्हणजे औषधं आणि टेस्टवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनेही मे २०२१ मध्ये सांगितलं होतं की अँटीबॉडी टेस्टवरून कोण किती सुरक्षित हे ठरवू नका.

आणि त्या रिपोर्टवरून अँटीबॉडी लशीमुळे आल्या की कोविडमुळे हेही कळत नव्हतं. काही टेस्ट विषाणूच्या बाहेरच्या काट्याविरुद्धच्या म्हणजे स्पाइकच्या अँटीबॉडी मोजतात, काही आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड नावाच्या भागाच्या. कोविशील्डने फक्त स्पाइकच्या बनतात, कोविड होऊन गेला तर दोन्हीच्या, आणि कोव्हॅक्सिन पूर्ण निष्क्रिय विषाणूची असल्यामुळे तिनेही दोन्हीच्या बनू शकतात. तसंही मुंबईत कोणाकडे अँटीबॉडी नाहीत असं आता कोण आहे, २०२१ च्या सप्टेंबरमधल्या पाचव्या सेरो सर्व्हेमध्येच, म्हणजे लोकांच्या रक्तातल्या अँटीबॉडी तपासणाऱ्या पाहणीत, ८६.६४ टक्के लोकांत सापडल्या होत्या. म्हणून बाळ बरं असेल आणि तुमच्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलं नसेल तर ही टेस्ट करू नका. डॉक्टरांनी एखाद्या कारणाने सांगितली तर करा, ती गोष्ट वेगळी.

डिलिव्हरीच्या दिवसाची तयारी म्हणजे दुधाची तयारी. जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला छातीशी घ्या, आणि तो पहिला घट्ट पिवळा चीक एक थेंबही काढून टाकू देऊ नका, घरातली कितीही मोठी बाई सांगो. दुधातून मुख्यतः आयजीए नावाची अँटीबॉडी जाते, ती रक्तात शिरत नाही, तोंड, घसा, आतडं याच्या आतल्या बाजूला राहून राखण करते. कोविड होऊन गेलेल्या आयांच्या दुधात ती कोविडविरुद्धही सापडलीय. वारेतून आलेलं दिवसागणिक कमी होतं, पण हे दूध तुम्ही पाजाल तितके महिने चालू राहतं, म्हणून माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत इथेच घ्यायची. आईला कामावर जायचं असेल तर दूध काढून ठेवायचं कसं ते आधीच शिकून घ्या.

डिलिव्हरीच्या वेळी आई पॉझिटिव्ह असली तरी बाळाला तोडायचं नाही. डब्ल्यूएचओने पहिल्यापासून हेच सांगितलंय, मास्क लावा, हात साबणाने धुवा आणि पाजा. रात्री हे कसं जमतं ते सांगते, उशाशी एका डब्यात धुतलेले मास्क, दुसऱ्या डब्यात वापरलेले, आणि पाण्याची बाटली, साबण, छोटं टब पलंगाखाली, कारण आमच्याकडे पाणी फक्त सकाळी येतं आणि मोरी दुसऱ्या टोकाला. बाळ रडायला लागलं की आधी मास्क, मग हात, मग बाळ, हा क्रम अंगवळणी पडायला दोन रात्री लागतात. आई खूप आजारी असेल तर काढलेलं दूध कोणीतरी वाटी-चमच्याने पाजायचं, आणि बाळ एनआयसीयूमध्ये म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात असून आईला दूधच येत नसेल तर तिथे मिल्क बँकेचं विचारायचं. सायनच्या हॉस्पिटलमध्ये १९८९ पासून आईच्या दुधाची बँक आहे, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली, आशियातली पहिली. ते दूध ६२.५ डिग्रीला अर्धा तास तापवून देतात, त्यात अँटीबॉडी थोड्या कमी होतात, पण पावडरच्या दुधात त्या नसतातच.

अँटीबॉडी वाढाव्यात म्हणून बाळाला घुटी, मध, हळदीचं पाणी, काढा, यातलं काहीही द्यायचं नाही, सहा महिने फक्त दूध. मध तर वर्षभर नाहीच. आणि धुरी. आमच्या सासूबाईंचा ओवा-बाळंतशेपाच्या धुरीवर फार जीव, पण दहा बाय बाराच्या खोलीत ती धुरी बाळाच्या छातीत जाते, मी त्यांना भांडून नाही सांगितलं, डॉक्टरांच्या तोंडून सांगवलं, आणि मालिश मात्र त्यांच्याच हातची ठेवली.

चाळीत राहून बाळाला वेगळं ठेवणं जमत नाही हे मला कोणी सांगू नये, मी तिथेच राहते. पहिले तीन महिने तरी काही गोष्टी मात्र जमतात. दारात साबण आणि मग ठेवा, नवरा लोकलच्या गर्दीतून आला की आधी हात आणि तोंड धुवून कपडे बदलेल, मग बाळ. सर्दी-खोकला असलेल्याने बाळाला घ्यायचं नाही, सख्खा काका असला तरी. शेजाऱ्यांना पाप्या घेऊ नका हे बाळाच्या आईला बोलता येत नाही, ते सासूने किंवा नवऱ्याने बोलायचं, हे आधीच ठरवून ठेवा. बारसं करायचंच आहे तर घरातल्या घरात करा, गॅलरीचं दार उघडं ठेवून, मोठा कार्यक्रम पहिल्या वाढदिवसाला करता येतो.

आता हे प्रत्येकीने शिकून ठेवावं असं वाटतं, श्वास मोजणं. बाळ शांत असताना, रडताना किंवा पिताना नाही, झबलं वर करा आणि पोटाकडे बघा. मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावा, पूर्ण एक मिनिट, अर्ध्या मिनिटाचं दुप्पट करू नका कारण छोट्या बाळाचा श्वास मध्येच थांबल्यासारखा होतो आणि मग भराभर चालतो. पोट एकदा वर-खाली म्हणजे एक. दोन महिन्यांखालच्या बाळाचा आकडा ६० किंवा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा, पुन्हा तेवढाच आला तर थांबायचं नाही, हॉस्पिटलला निघायचं. छाती आत ओढली जात असेल, कण्हत असेल, ओठ निळसर दिसत असतील, नीट पीत नसेल, खूप सुस्त असेल, अंग थंड पडत असेल किंवा काखेत थर्मामीटर ३७.५ सेल्सियस म्हणजे ९९.५ फॅरनहाइटच्या वर असेल, तरी तेच. गाडी मिळत नसेल तर १०८. "त्याच्याकडे माझ्या अँटीबॉडी आहेत" म्हणून सकाळपर्यंत वाट बघायची नाही.

आणि तिथे गेल्यावर फाईल उघडून ती तारीख दाखवायची. याचं अजून एक कारण आहे, घाबरवायला सांगत नाही. फार थोड्या नवजात बाळांमध्ये आईला आधी झालेल्या कोविडनंतर शरीरात ठिकठिकाणी सूज येण्याचा आजार दिसला, हृदयावरही परिणाम होतो, आणि आईकडून आलेल्या अँटीबॉडींचा त्याच्याशी संबंध असावा असं डॉक्टरांना वाटतं, आपल्या कोल्हापूरच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये अशा बाळांबद्दल लिहिलंय. हा आजार क्वचितच होतो. पण बाळ आजारी असताना डॉक्टरला आईच्या कोविडची तारीख माहीत असेल तरच तो त्या दिशेने विचार करेल.

बाळाच्या नेहमीच्या लसी कोविडच्या अँटीबॉडीमुळे फुकट जातात का, असंही मला बऱ्याच जणींनी विचारलंय. नाही जात, कोविडची अँटीबॉडी फक्त कोविडला ओळखते. जन्मतः बीसीजी, पोलिओ, कावीळ ब, मग सहा, दहा, चौदा आठवड्यांचे डोस, सगळे वेळेवर, जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतात. आईच्या अँटीबॉडीचा अडथळा येतो तो गोवरच्या लशीला, तोही आईकडून आलेल्या गोवरच्याच अँटीबॉडीचा, म्हणून ती लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. २०२२ मध्ये गोवंडीत गोवर पसरला तेव्हा किती लहान मुलं ॲडमिट झाली ते आपण पाहिलंय, त्यामुळे नऊ महिने पूर्ण झाले की त्याच आठवड्यात घेऊन जा.

नणंदेच्या फाईलवर मी काल तारीख लिहून दिली. तिला कोविड झाला तेव्हा चोविसावा आठवडा होता, बाळ पूर्ण दिवसांचं झालं तर मध्ये तीन-साडेतीन महिन्यांचं अंतर पडेल, अंतर चांगलं आहे. मग तिने गणपतीचा विषय काढला, तिच्या सासरी कोकणात पाच दिवसांचा असतो आणि सगळे बाळाची वाट बघतायत, तोपर्यंत बाळ अडीच महिन्यांचं झालेलं असेल. आम्ही कागदावर १००, ५०, २५ लिहीत त्या तारखेपर्यंत आलो, आणि तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला की यंदा दर्शन व्हिडिओ कॉलवर, माघी गणपतीला बाळाला घेऊन येते.